शाश्वत विकास शिकवायचा तर आधी ते भांडण वर्गात येऊ द्या

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि माझाच वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमचा मूळ विषय भूगोल, तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, आणि यंदा पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षेचे तास तुमच्याकडे आलेत. शाश्वत विकासाची व्याख्या, संयुक्त राष्ट्रांची सतरा ध्येयं, कायद्यांची यादी, सगळं सांगून झालं. मुलं पाठ करतात आणि विसरतात. प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. धोरण हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्ग मान टाकतो. त्यातच बारावीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझे वडील साखर कारखान्यात आहेत. पर्यावरणासाठी कारखाना बंद केला तर आमच्या घरी पगार कोण देणार?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही आणि तास तिथेच थांबला. आता पुढे काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते त्या मुलाने तुम्हाला अख्खा अभ्यासक्रम एका वाक्यात आणून दिलाय. शाश्वत विकास ही कल्पना जन्मली तीच अशा भांडणातून. १९७२ साली स्टॉकहोमला पहिली मोठी पर्यावरण परिषद झाली. श्रीमंत देशांना धूर आणि विषारी पाण्याची काळजी होती. गरीब देशांना वाटत होतं की आपली पोटं भरायच्या आतच विकासाला लगाम घातला जाणार. इंदिरा गांधींनी तिथे गरिबीचा मुद्दा ठामपणे मांडला होता. पुढे १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने जी व्याख्या दिली, आजच्या गरजा भागवायच्या पण पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ द्यायची नाही, ती या दोन बाजूंमधली समजुतीची भाषा होती. आपण वर्गात समझोत्याचा कागद वाचून दाखवतो आणि भांडण कशावरून झालं ते सांगतच नाही. मग सतरा वर्षांच्या मुलाला त्या कागदात रस का वाटावा? म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी गावातलं एक खरं भांडण घ्यायचं, ते तळापर्यंत न्यायचं, आणि व्याख्या अगदी शेवटी सांगायची.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी चोवीस वर्षं शिकवतेय. आमच्याकडे पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि तरी राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर लागतो. त्यामुळे माझी सगळी उदाहरणं ऊस आणि पाण्याभोवती फिरतात. तुम्ही डहाणूत असता तर मी बंदर आणि मासेमारी म्हटलं असतं, चंद्रपूरला असता तर कोळसा आणि वाघ. वर्गात तीस मुलं आहेत की एकशे वीस, याने फार फरक पडतो. विज्ञान शाखेची निम्मी मुलं नीट-जेईईच्या क्लासला बसलेली असतील तर लांबलचक उपक्रम जमत नाहीत. शिवाय तुमच्या संस्थेचे पदाधिकारी आणि कारखान्याचे संचालक तेच लोक असतील, तर कोणता विषय किती उघडपणे घ्यायचा ते तुम्हालाच ठरवावं लागेल. त्याबाबतीत मी बाहेरून धीर देणं बरोबर नाही.

भांडण निवडताना मी पहिल्यांदा पाहते की त्याचं पाणी, धूर किंवा पैसा मुलांच्या घरापर्यंत येतो का. मग त्याबद्दल एखादा सरकारी कागद हातात मिळेल का ते बघते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यात एकच एक खलनायक नसावा. ही शेवटची अट मी चुकून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जवळच्या एका डिस्टिलरीच्या, म्हणजे मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्याच्या, सांडपाण्याने ओढा काळा पडला होता. मी वर्गात लुटुपुटीची जनसुनावणी घेतली, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सभा. कारखान्याची बाजू मांडायला दिलेल्या मुलांना मी तयारीला काही दिलंच नाही, कारण माझ्या मनात निकाल आधीच लागला होता. वर्गाने त्यांना हुर्यो करून बसवलं. मला वाटलं तास छान झाला. त्या दिवसापासून एक मुलगा आठ दिवस आला नाही. त्याचे वडील तिथेच बॉयलरवर होते. तो परत आला तेव्हा मी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "बाई, त्या पाण्याचा वास आमच्याच घरी सगळ्यात जास्त येतो. पण हे कुणी विचारलंच नाही." हे वाक्य मी आजवर विसरले नाही. ज्याच्या घरात पगारही येतो आणि वासही येतो, त्याला आपण एका बाजूला उभं केलं होतं.

आता प्रत्यक्षात काय करते ते सांगते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पहिला आकडा फळ्यावर येतो: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एकच सूत्र. मग टेप घेऊन मुलांना बाहेर पाठवते, शाळेच्या इमारतीची लांबी-रुंदी मोजायला. आमचं छत साधारण सहाशे चौरस मीटर भरतं. साडेपाचशे मिलिमीटरने गुणलं की ३ लाख ३० हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी अडीच लाखांच्या वर उरतं. आमच्याकडे नऊशे मुलं आणि वर्षाला साधारण दोनशे वीस दिवस शाळा. भागाकार केला की प्रत्येकाला रोज सव्वा लिटरहून जास्त पाणी येतं. म्हणजे मुलं रोज दप्तरातून जी बाटली घेऊन येतात, ती या छतावरून भरली असती. हे गणित फळ्यावर पूर्ण झालं की वर्गात काही क्षण कुणी बोलत नाही. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर छताकडे बघतात.

दुसऱ्या तासाला हेच गणित शेतावर नेते. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्यावर वर्षभरात पडणारा सगळा पाऊस साधारण २२ लाख लिटर. उसाला त्याच्या वाढीच्या काळात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा, दोन हजार, धरला तर एकराला ८० लाख लिटर. दहा हजार लिटरचे टँकर मोजा म्हटलं की मुलं लगेच सांगतात: आठशे. म्हणजे एका एकर उसाने जवळजवळ चार एकरांवरचा पाऊस प्यायला, आणि तोही सगळाच्या सगळा अडवता आला असता तर. ज्वारीला याच्या चौथाईच्या आसपास पुरतं. ठिबकवर उसाचा आकडा बराच खाली येतो, तेही सांगते. ज्यांच्या घरी ठिबक आहे ती मुलं स्वतःहून हात वर करतात आणि घरचा अनुभव सांगू लागतात.

इथे थांबलात तर पुन्हा ऊस हा खलनायक होतो आणि वर्गातली निम्मी घरं गुन्हेगार ठरतात. म्हणून लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हे माहीत असूनही तुमचे वडील ऊसच का लावतात? घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी जी उत्तरं येतात, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं धोरण शिकवतात. तुरीचा भाव काढणीच्या दिवशी काय असेल कुणाला ठाऊक. उसाला कारखाना न्यायला येतो. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. सोसायटीचं कर्ज उसावर सहज मिळतं. कांदा दोन वर्षं रडवतो. एक मुलगी एकदा म्हणाली, "पप्पा म्हणतात, उसात श्रीमंती नाही, पण रात्री झोप लागते."

मग एकेका उत्तरामागे काय आहे ते उलगडायचं. कारखान्याने दिलाच पाहिजे असा किमान दर असतो, रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात. तो केंद्र सरकार ठरवतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण दारात येऊन घेणारा कुणी बांधील नसतो. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटेल ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. शेतीपंपाच्या विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यावर सवलत किती द्यायची ते सरकार ठरवतं. आता मुलांना कळतं की शेतात ऊस उभा आहे तो केवळ वडिलांच्या हौसेने नाही. दिल्ली, मुंबई आणि तालुका अशा तीन ठिकाणी झालेले निर्णय त्या वावरात एकत्र आलेत. धोरण म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा सोपी वाट मला चोवीस वर्षांत सापडली नाही.

यात इथेनॉल, म्हणजे उसापासूनही करता येणारं इंधन, आणलं की वर्ग खऱ्या अर्थाने पेटतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०३० साठी होतं, ते २०२२ मध्ये अलीकडे आणून २०२५-२६ केलं. शहरातल्या गाडीच्या धुराच्या दृष्टीने, परकीय चलनाच्या दृष्टीने, कारखान्याच्या ताळेबंदाच्या दृष्टीने हे चांगलं. आमच्या भूजलाच्या दृष्टीने मात्र तो आठशे टँकरचाच हिशोब. स्वच्छ ऊर्जा हे सतरा ध्येयांतलं सातवं, पाणी हे सहावं. दोन्ही एकाच वावरात एकमेकांसमोर उभी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडणार असं दिसल्यावर केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले होते, कारण साखरेचे भाव वाढले असते. मुलांना विचारा: या निर्णयात ग्राहक जिंकला, शेतकरी हरला, की नदी जिंकली? पंचवीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही.

आता कायद्यांकडे येते, कारण तुमचा वर्ग तिथेच मान टाकतो. कायद्यांची यादी देऊ नका. प्रत्येक कायद्याच्या मागे जी घटना आहे ती आधी सांगा. स्टॉकहोमनंतर दोन वर्षांत, १९७४ ला, जलप्रदूषणाचा कायदा आला. १९८१ ला हवेचा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला, आणि १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच कायद्याखाली १९९४ ची आणि मग २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याची, अधिसूचना निघाली. २०१० ला पर्यावरणाचे खटले ऐकणारं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आलं. आणि हो, मुलांना हेही सांगा की तुम्ही ज्या तासाला बसलात तो तासही धोरणातूनच आला आहे. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करायला सांगितलं, म्हणून तो वेळापत्रकात दिसतो. एका वकिलाच्या अर्जातून आपला सोमवारचा तिसरा तास निघाला, हे मुलांना फार आवडतं.

या सगळ्यांत मी फक्त एकाच गोष्टीच्या खोलात जाते: जनसुनावणी. कारण नागरिक म्हणून आपल्या मुलांच्या हातात प्रत्यक्ष येणारा कायद्याचा हा सगळ्यांत जवळचा भाग आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी सोबत असतो, चित्रीकरण होतं. आणि गणपूर्तीची अट नसते. म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी होते आणि कागदावर ती झाली अशी नोंद होते. ही एक ओळ मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते. मग विचारते, तुमच्या गावात सुनावणी लागली तर त्या दिवशी कोण जाऊ शकेल? तोडीच्या हंगामात असली तर? शेतात पाणीपाळी आली असली तर? तालुक्याला जाणारी एकच एसटी असली तर? कायदा चांगला लिहिला तरी तो कुणापर्यंत पोचतो, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारू लागतात.

आता लुटुपुटीच्या सुनावणीच्या भूमिका मी चिठ्ठ्या टाकून देते, आणि ज्याच्या घरचा जो धंदा आहे ती भूमिका त्याला द्यायची नाही असा नियम आहे. कारखान्याच्या कामगाराचा मुलगा विहीर खराब झालेला शेतकरी होतो, बागायतदाराची मुलगी ऊसतोड मुकादम होते. चिटबॉय (शेतावर जाऊन उसाची नोंद ठेवणारा कारखान्याचा कर्मचारी), शेती अधिकारी, सभासद, मेंढपाळ, ओढ्याकाठची धुणं धुणारी बाई, मंडळाचा अधिकारी, सगळे असतात. प्रत्येकाला तयारीसाठी कागद मिळतो, कारखान्याच्या बाजूलासुद्धा. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला जे संमतीपत्र देतं ते मंडळाच्या संकेतस्थळावर मिळू शकतं. त्यात रोज किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी निघेल, प्रक्रियेनंतर ते कुठे सोडायचं, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. मुलं ते वाचतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसतं की 'चालू ठेवा' आणि 'बंद करा' यांच्यामध्ये अटींची मोठी जागा आहे. पर्यावरण धोरणाचं बहुतेक काम त्याच जागेत चालतं.

इथेच त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. त्याला खोटा दिलासा देऊ नका. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांना थकीत पगारासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे मारावे लागतात हे त्याने आजूबाजूला पाहिलं असेल. मी वर्गात तीन गोष्टी पुढे ठेवते. पहिली, १९९६ च्या वेल्लोरच्या खटल्यात, तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून, सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई आणि सुधारणेचा खर्च द्यायचा हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं. म्हणजे किंमत कामगाराच्या पगारातून वसूल व्हावी असं कायद्याला अपेक्षित नाही. प्रत्यक्षात तसं होतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तोही मोकळेपणाने विचारायचा. दुसरी, सांडपाणी बाहेर न सोडता ते आटवून किंवा जाळून संपवण्याची यंत्रणा डिस्टिलऱ्यांना बसवावी लागली, आणि तसं करून त्या चालू राहिल्या. खर्च झाला, पण चिमणी थंड पडली नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०१९-२० च्या हंगामात आमच्या जिल्ह्यातले कितीतरी कारखाने पेटलेच नाहीत. कुठल्या पर्यावरण कायद्याने ते थांबवले नव्हते. आदल्या वर्षीच्या दुष्काळात ऊसच उभा राहिला नव्हता. उजनी धरण मायनसमध्ये गेलं की काय होतं ते आमच्या मुलांना माहीत आहे. धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे एरवी वापरात न धरलेला, त्यामुळे पाणी त्याच्याही खाली उतरलं की वर्तमानपत्रात रोज उणे टक्केवारी छापून येते. त्या हंगामात हंगामी कामगारांच्या घरी काय झालं, ते त्या मुलाला विचारा. वडिलांचा पगार गाळपाच्या दिवसांवर, गाळप उसावर आणि ऊस पाण्यावर, ही साखळी त्याने स्वतःच्या तोंडून सांगितली की पाणी वाचवणं हे त्याच्या घराविरुद्धचं काम राहत नाही.

पर्यावरणाची बाजूही चुकू शकते हे एकदा तरी शिकवा, नाहीतर मुलांना आपण प्रचारक वाटतो. माझ्याकडे त्यासाठी माळढोक आहे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १९७९ साली या पक्ष्यासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत अडथळे आले आणि लोकांच्या मनात तो पक्षी म्हणजे संकट झाला. पुढे न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला होता. हेतू उत्तम, नकाशा चुकीचा, आणि माणसांना विचारलं नाही. सोलापूरजवळचा नान्नजचा, या पक्ष्याचा माळ आमच्या मुलांना ठाऊक आहे, म्हणून हा तास लवकर संपत नाही. याच्याशेजारी मी गडचिरोलीचं मेंढा-लेखा ठेवते, जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू गावाने स्वतः विकला. दोन्हीकडे निसर्ग राखायचाच हेतू होता. फरक कुठे पडला, ते मुलांना शोधू द्या.

आता झेरॉक्सच्या दुकानाबद्दल. तयार प्रकल्प येतात कारण विषय सगळीकडे सारखे असतात: प्लास्टिक प्रदूषण, वृक्षारोपण, सौरऊर्जा. ज्याची माहिती फक्त त्या मुलाच्या घरातच मिळू शकते असा विषय दिला की दुकानदार काही करू शकत नाही. मी दरवर्षी एक विषय ठेवते: घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडून १९७२ च्या दुष्काळाची मुलाखत. आजी-आजोबा नसतील तर शेजारचं कुणी. प्रश्न मी देत नाही, फक्त पाच शब्द देते: पाणी, धान्य, काम, जनावरं, स्थलांतर.

एका मुलीने तिच्या आजीची मुलाखत वहीत लिहून आणली होती. आजी खडी फोडायला गेली होती, मुलं तिथेच शेजारी चादरीवर. दुपारी सुकडी, म्हणजे मजुरांना वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची. मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली होती, तिच्या भाकरीला चव नव्हती. आणि मग आजी म्हणाली होती, "ते वरचं तळं आम्हीच खोदलं." तो पाझर तलाव आजही त्या गावाच्या वर आहे. त्या मुलीच्या घरची विहीर त्याच्याच खाली आहे. मी तिला पुढचं एवढंच सांगितलं, की दुष्काळात मागेल त्याला काम द्यायची ही पद्धत महाराष्ट्रात १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात उतरली आणि २००५ चा देशाचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला. ती वर्गात उभी राहून म्हणाली, "म्हणजे माझ्या आजीने कायदा केला." मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

गुण देताना मी वही कमी आणि तोंडी परीक्षा जास्त धरते. प्रत्येकी तीन मिनिटं. "हा आकडा कुठून आणलास?" आणि "यात तुझं मत कशाने बदलेल?" हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नाला जो विचार करून उत्तर देतो त्याला मी पूर्ण गुण देते, मत कोणतंही असो. वर्ग मोठा असेल तर गटाला मिळून तोंडी घ्या, फक्त उत्तर कोण देणार ते तुम्ही निवडा.

आणखी एक सोपं लेखनकाम सांगते. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज साधारण एकशे पन्नास शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. मुलांना गावच्या पाण्याबद्दल असा अर्ज लिहायला लावा: कोणत्या कार्यालयाला, नेमका कोणता कागद हवा, कोणत्या काळातला. पहिल्या खेपेला सगळे तक्रार लिहितात. दुसऱ्या खेपेला प्रश्न लिहितात. तिसऱ्या खेपेला कागदाचं नाव लिहितात. अर्ज पाठवायचाच असेल तर पालकांशी बोलून, त्यांच्या नावाने. बहुतेक वेळा पाठवायची गरजही पडत नाही, ग्रामपंचायतीत जाऊन नीट विचारलं की ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) दाखवतात.

वर्षाचा हिशोब विचाराल तर माझ्याकडे सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता चाळीसेक तास उरतात. छत आणि ऊस यांना सहा, धोरणाची उकल सहा, कायदे आणि सुनावणी दहा, माळढोक-मेंढा तीन, मुलाखती आणि तोंडी परीक्षा दहा. उरलेल्या तासांत अभ्यासक्रमातले राहिलेले मुद्दे भराभर घेते. सतरा ध्येयं आणि ब्रुंटलँडची व्याख्या फेब्रुवारीत येते, एका तासात. तोवर मुलं व्याख्येतल्या 'गरजा' या शब्दावर अडतात: कुणाच्या गरजा, कोण ठरवणार? एका वर्षी वर्गाने फळ्यावरच्या व्याख्येखाली स्वतःची ओळ लिहिली होती, त्यात आठशे टँकर होते.

तुमच्याकडे आता वर्ष मध्यावर असेल आणि सगळं नव्याने मांडायला वेळ नसेल, तर फक्त त्या मुलापासून सुरू करा. त्याला सर्वांसमोर सांगा की तुझा प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मग त्याला घरी चार गोष्टी विचारून यायला सांगा: कारखान्याला पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, गेल्या पाच हंगामांत गाळप किती दिवस चाललं, आणि हंगाम संपल्यावर वडिलांना रिटेन्शन, म्हणजे हंगामी कामगाराला बंद काळात मिळणारा भत्ता, किती मिळतं. पाच हंगामांचे आकडे फळ्यावर लिहा आणि शेजारी त्या त्या वर्षीचा पाऊस लिहायला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा.